अमेरिकेतील सार्वजनिक उद्यानांत कॅम्पग्राउंड होस्ट होण्यासाठी अर्ज कसा करावा

अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या उद्यानाच्या कॅम्पग्राउंडमध्ये शिरताना, बहुधा फाटकाजवळच्याच जागेवर, एक आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) महिनोन्‌महिने उभी असते आणि तिच्यापुढे ‘कॅम्पग्राउंड होस्ट’ अशी पाटी लावलेली असते. येथे राहणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांनी ती पाटी पाहिलेली आहे. अंधार पडल्यावर पोहोचून आपली जागा कोणती, सरपण कुठे मिळेल, पाण्याचा नळ कुठे आहे, हे त्याच दारावर जाऊन विचारलेले आहे. मात्र त्या आरव्हीत राहणारी माणसे पुष्कळ ठिकाणी पगारी नोकर नसून स्वयंसेवक असतात आणि ते काम आपल्यालाही मागता येते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. निवृत्त झालेल्या किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या, आरव्ही बाळगून असलेल्या किंवा घेण्याच्या विचारात असलेल्या जोडप्यांना डोळ्यांसमोर ठेवून या अर्जाची सगळी वाट येथे सांगत आहे.

अर्जाआधी काम पाहावे

यातला व्यवहार सरळ आहे. उद्यान आपल्याला आरव्ही उभी करायला जागा, वीज, पाणी आणि शक्य असेल तेथे सांडपाण्याची जोडणी विनामूल्य देते आणि त्या बदल्यात आपण आठवड्याला ठरलेले तास काम करतो. हे तास बहुतेक ठिकाणी २० ते ३२ च्या दरम्यान असतात. पगार नसतो, काही उद्याने स्वयंपाकाच्या गॅसचा किंवा कामासाठी झालेल्या प्रवासाचा थोडा खर्च भरून देतात, बरीच देत नाहीत. केवळ जागेचे भाडे वाचावे म्हणून कोणी हे काम मागत असेल, तर त्याने मागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढे तास दुसरीकडे पगारी काम केले, तर भाडे देऊनही चार पैसे हातात उरतील. शिवाय भाड्यापुरता आलेला होस्ट कसा वागतो, हे त्या कॅम्पग्राउंडमध्ये उतरलेल्या प्रत्येक कुटुंबाला सोसावे लागते.

दिवसाचे मुख्य काम म्हणजे फेरी. सकाळी हातात यादी घेऊन प्रत्येक जागेसमोरून चालत जायचे, जागेच्या खांबावर चिमट्यात अडकवलेल्या चिठ्ठीवरची तारीख यादीशी ताडून पाहायची, कोण आज निघणार आणि कोणाच्या जागी आज नवे लोक येणार ते टिपायचे. आगाऊ आरक्षण नसलेल्या छोट्या कॅम्पग्राउंडमध्ये अजूनही लोक पाकिटात पैसे घालून लोखंडी नळकांड्यात टाकतात आणि पाकिटाचा फाडलेला तुकडा खांबावर लावतात; त्या नळकांड्याला तिथली मंडळी ‘आयर्न रेंजर’ म्हणतात. पैसे मोजण्याचे आणि नेण्याचे काम होस्टकडे आहे की नाही, हे प्रत्येक उद्यानाच्या करारावर अवलंबून असते.

जागा रिकामी झाली की शेकोटीच्या लोखंडी कड्याकडे वळावे लागते. राख वरून पांढरी आणि निवलेली दिसते, पण हाताची पाठ तिच्या जवळ नेली की आतली धग कळते. मग बादलीभर पाणी ओतायचे, फावड्याने ढवळायचे, पुन्हा पाणी ओतायचे आणि ऊब पूर्ण जाईपर्यंत तिथून हलायचे नाही. त्यानंतर राखेतून अर्धवट जळालेला ॲल्युमिनियमचा कागद, बाटल्यांची झाकणे, अंड्यांची टरफले आणि वितळून घट्ट झालेले प्लॅस्टिक हाताने वेचून काढायचे. हे काम वाकून करावे लागते आणि एका दिवसात कितीतरी जागांवर करावे लागते. गुडघ्यांची किंवा कंबरेची तक्रार असेल, तर तिचा विचार अर्ज भरण्याआधी करावा.

स्वच्छतागृहांचे काम कोणाकडे आहे, हा प्रश्न अनेकजण संकोचाने विचारत नाहीत आणि पोहोचल्यावर खट्टू होतात. काही उद्यानांत होस्टने फक्त कागदाची रिळे भरायची असतात, तर काही ठिकाणी झाडणे, जंतुनाशक फवारणे, पुसणे हे सारे रोज त्यालाच करायचे असते. दोन्ही कामे सन्मानाचीच आहेत. फक्त आपण कशाला होकार देत आहोत हे आधी कळलेले असावे.

उरलेला वेळ माणसांचा. शेजारच्या जागेवरचे जनित्र रात्री चालू आहे, कुत्रा दोरीविना फिरतो आहे, एका जागेवर चार गाड्या लागल्या आहेत, अशा तक्रारी होस्टच्या दारावर येतात. राष्ट्रीय उद्यानांच्या नियमानुसार रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ असते. ती पाळण्याची आठवण होस्ट करून देतो. ती न पाळणाऱ्याला दंड करणे हे त्याचे काम नसते. होस्ट हा पोलीस नाही. त्याने सौम्य शब्दांत एकदा सांगायचे, ऐकले नाही किंवा समोरचा माणूस दारूच्या अमलात दिसला, तर मागे फिरून रेडिओवरून रेंजरला, म्हणजे उद्यानाच्या अधिकाऱ्याला, कळवायचे. ज्यांना वाद जिंकल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना हे काम मानवत नाही.

अर्ज कोणाकडे करायचा

‘सार्वजनिक उद्यान’ या एका नावाखाली अमेरिकेत अनेक स्वतंत्र यंत्रणा आहेत आणि अर्जाचा मार्ग त्याप्रमाणे बदलतो. केंद्र सरकारच्या अखत्यारीत राष्ट्रीय उद्यान सेवा, वनसेवा, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, मासे व वन्यजीव सेवा आणि धरणांच्या जलाशयांकाठची कॅम्पग्राउंड चालवणारी आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स या संस्था येतात. त्यांच्या जागांची जाहिरात ‘व्हॉलंटियर डॉट गव्ह’ या एकाच सरकारी संकेतस्थळावर होते. तेथे खाते उघडून राज्य, कामाचा प्रकार आणि आरव्हीसाठी जागा उपलब्ध आहे की नाही, या निकषांवर शोध घेता येतो.

राज्य उद्यानांचा कारभार याहून निराळा आहे. कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन, टेक्सस, फ्लोरिडा अशा प्रत्येक राज्याचा उद्यान विभाग आपला स्वतंत्र कार्यक्रम चालवतो, त्याचा अर्ज निराळा असतो आणि नावही निराळे असू शकते. टेक्ससमध्ये याच कामाला ‘पार्क होस्ट’ म्हणतात. काऊंटीची (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाची) आणि मोठ्या शहरांची उद्याने तर आणखी वेगळी. नवख्या माणसाने राज्य आणि काऊंटीच्या उद्यानांकडे दुर्लक्ष करू नये, असा माझा आग्रह आहे. योसेमिटी किंवा ग्लेशियरसारख्या नावाजलेल्या उद्यानांतल्या जागांवर अनुभवी आणि वर्षानुवर्षे परत येणाऱ्या होस्टांचा डोळा असतो. आपल्या घरापासून दोन-तीन तासांवरच्या राज्य उद्यानात एक हंगाम काढला, तर पुढच्या प्रत्येक अर्जाला वजन येते आणि काम झेपत नाही असे वाटले तर घरही जवळ असते.

एक फरक मात्र नीट ओळखायला हवा. राष्ट्रीय वनांतली अनेक कॅम्पग्राउंड वनसेवा स्वतः न चालवता खाजगी कंपन्यांना करारावर देते. तिथले होस्ट त्या कंपनीचे पगारी कर्मचारी असतात आणि त्यांची भरती कंपनी करते. आर्मी कोअरच्या काही फाटकांवरचे परिचरही निविदा भरून कंत्राट घेतलेले असतात. तो मार्ग वाईट नाही, पण तो रोजगार आहे. त्याचे कर, तास आणि हक्क यांचे नियम वेगळे आहेत. जाहिरात वाचताना ‘स्वयंसेवक’ हा शब्द स्पष्ट आहे की नाही ते पाहावे.

व्हिसाची बाब

आपल्या वाचकांसाठी हा भाग फार महत्त्वाचा आहे. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना या अर्जात कायद्याची अडचण येत नाही. परंतु मुलाकडे किंवा मुलीकडे पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांनी ‘पगार तर नाही ना, मग काय हरकत आहे’ असे समजून अर्ज करू नये. कामाच्या बदल्यात मिळणारी विनामूल्य जागा, वीज आणि पाणी हा मोबदला मानला जाऊ शकतो आणि व्हिसाच्या अटींचा भंग झाल्याचा शिक्का बसला तर पुढची प्रत्येक फेरी धोक्यात येते. परदेशी स्वयंसेवकांसाठी राष्ट्रीय उद्यान सेवेने जे-१ व्हिसावर आधारलेला वेगळा कार्यक्रम ठेवलेला आहे. पर्यटक व्हिसा त्याची जागा घेऊ शकत नाही. एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनीही इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याखेरीज निवासासह असलेले स्वयंसेवेचे काम स्वीकारू नये. उद्यानातला स्वयंसेवक समन्वयक भला माणूस असला, तरी इमिग्रेशनच्या बाबतीत त्याचा होकार आपले रक्षण करू शकत नाही.

कधी अर्ज करावा

उन्हाळा सुरू झाल्यावर उन्हाळ्याची जागा शोधणे म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालय शोधण्यासारखे आहे. मे ते सप्टेंबर या हंगामाच्या बहुतेक जागा त्याआधीच्या शरद आणि हिवाळ्यात भरल्या जातात, म्हणून ऑक्टोबरपासून संकेतस्थळ पाहायला लागावे आणि जानेवारीच्या अखेरीस अर्ज पोहोचलेले असावेत. वाळवंटी आणि दक्षिणेकडील उद्यानांचा हंगाम याच्या उलट असतो. डेथ व्हॅलीतला उन्हाळा माणसाला सोसणारा नसतो, त्यामुळे तिथली सखल भागातली कामे साधारण ऑक्टोबर ते एप्रिल चालतात. ॲरिझोनातले ऑर्गन पाइप कॅक्टस, टेक्ससमधले बिग बेंड आणि फ्लोरिडातले एव्हरग्लेड्स यांचीही गर्दी हिवाळ्यातच असते. त्यांचे अर्ज वसंतात किंवा उन्हाळ्याच्या आरंभी करावेत.

उशीर झाला असला तरी आशा पूर्ण सोडू नये. ठरलेल्या होस्टला आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे ऐन वेळी येता आले नाही, की समन्वयक धावपळ करून पर्याय शोधतो. ‘दोन आठवड्यांच्या सूचनेवर आम्ही येऊ शकतो’ एवढे वाक्य आधीच पाठवून ठेवलेले असेल, तर अशा वेळी त्याला आपली आठवण होते.

जाहिरात वाचण्याची रीत

मला वाटते, बहुतेक अर्ज फसतात ते जाहिरात घाईने वाचल्यामुळे. पहिल्यांदा तारखा पाहाव्यात. पूर्ण हंगाम हवा असे लिहिले असेल आणि मधल्या एका महिन्यात आपल्याला नातवाच्या मुंजीसाठी पुण्याला जायचे असेल, तर ती जागा आपली नव्हे. त्यानंतर तास पाहावेत आणि ते प्रत्येकी आहेत की जोडप्याचे मिळून, हे तपासावे. ‘३२ तास’ या आकड्याचा अर्थ एका ठिकाणी दोघांचे मिळून ३२ असा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत्येकाचे ३२, म्हणजे घरातले ६४ तास, असा असतो. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे दिवस कामाचेच धरावेत. ४ जुलै किंवा लेबर डेच्या सप्ताहान्ताला मुलांकडे जायचा बेत आखता येत नाही. सुट्टीचे दोन दिवस सलग मिळतात का, तेही पाहावे, कारण किराणा आणि औषधे आणायला दूरच्या गावी जावे लागते.

मग जागेचे मोजमाप. जुन्या कॅम्पग्राउंडमधल्या जागा आणि वळणे आजच्या लांबलचक आरव्हींच्या आधी आखलेली आहेत, त्यामुळे लांबीची मर्यादा लिहिलेली असते आणि ती सूचना म्हणून लिहिलेली नसते. आपली आरव्ही तिच्यापेक्षा दोन फूट लांब असेल, तर कसेबसे जमेल असे मानू नये. विजेची जोडणी ३० ॲम्पिअरची आहे की ५० ची, पाणी जागेवर आहे की टाकीत भरून आणायचे, सांडपाण्याची नळी जागेवरच आहे की ठरावीक दिवसांनी आरव्ही हलवून सांडपाणी टाकण्याच्या ठिकाणी न्यायची, या तीन गोष्टींवर रोजचे जगणे अवलंबून असते. काही राष्ट्रीय वनांत वीजच नसते आणि सौर पाट्यांवर भागवावे लागते. आरव्ही नसलेल्यांसाठी काही मोजक्या ठिकाणी खोली किंवा लहान घर असते, पण बहुसंख्य जागांना स्वतःची आरव्ही लागतेच.

मोबाईलला रेंज आहे का, सर्वांत जवळचे रुग्णालय किती दूर आहे आणि पाळीव प्राणी चालतात का, ही माहिती जाहिरातीत नसेल तर विचारण्यासाठी वहीत लिहून ठेवावी.

अर्जात काय लिहावे

केंद्रीय संस्थांसाठी संकेतस्थळावरचा अर्ज भरावा लागतो, काही कार्यालये ओएफ-३०१ हा छापील नमुनाही घेतात. त्यात नाव-पत्ता, उपलब्धतेच्या तारखा, कौशल्ये, शारीरिक मर्यादा आणि संदर्भ द्यावे लागतात. फॉर्म कोणीही भरू शकतो. निवड ठरते ती सोबतच्या निवेदनावर, आणि येथे आपली माणसे दोन टोकांना जातात. एक तर ‘आम्हाला निसर्ग फार आवडतो’ एवढे लिहून थांबतात, नाहीतर तीस वर्षांच्या नोकरीची सगळी पदे, बढत्या आणि पारितोषिके मांडतात. समन्वयकाला या दोहोंपैकी काहीच नको असते. हे जोडपे दिलेल्या तारखेला येईल का, अखेरपर्यंत टिकेल का, लोकांशी नीट बोलेल का आणि त्याची आरव्ही जागेत मावेल का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.

म्हणून निवेदनाची सुरुवात ठोस गोष्टींनी करावी. इंग्रजीत लिहिताना त्याचा आशय साधारण असा असावा: ‘आम्ही दोघे १५ मे ते १५ सप्टेंबर हा पूर्ण काळ उपलब्ध आहोत. आमची ट्रॅव्हल ट्रेलर २४ फूट लांब असून तिला ३० ॲम्पिअरची वीज पुरते. आम्ही गेली अनेक वर्षे राज्य उद्यानांत तंबू आणि ट्रेलर घेऊन राहत आहोत. माझे पती लहानसहान दुरुस्त्या करतात. मी रुग्णालयाच्या स्वागतकक्षात काम केले असल्याने त्रासलेल्या माणसाशी शांतपणे बोलण्याची मला सवय आहे. रोज काही मैल चालणे आणि स्वच्छतागृहांची साफसफाई ही दोन्ही कामे आम्हाला मान्य आहेत.’ अशी सहा-सात वाक्ये पुरतात. शेवटचे वाक्य मुद्दाम घालावे, कारण ज्या कामाचा उल्लेख इतर उमेदवार टाळतात ते आपणहून मान्य केल्याने वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

महाराष्ट्र मंडळात घातलेला वेळ येथे कामी येतो. मात्र तो समोरच्याला कळेल अशा शब्दांत मांडायला हवा. ‘गणेशोत्सव समितीचे सदस्य’ असे लिहिले तर ओहायोतल्या रेंजरला त्यातून काहीच उमगणार नाही. त्याऐवजी आपण प्रत्यक्ष काय केले ते लिहावे: वाहनतळाची व्यवस्था सांभाळली, नोंदणीच्या टेबलावर बसून रांग हाताळली, जेवणानंतर सभागृह स्वच्छ करून मालकाच्या ताब्यात दिले, स्वयंसेवकांच्या पाळ्या लावल्या. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात ज्यांनी पाहुण्यांच्या निवासाची किंवा भोजनाची जबाबदारी उचलली आहे, त्यांनी तर हे अवश्य लिहावे, कारण अनोळखी माणसांच्या गर्दीला दिवसभर हसतमुखाने सामोरे जाणे हीच या कामातली सर्वांत अवघड बाब आहे. मराठी, हिंदी किंवा गुजराती येत असल्याचा उल्लेखही करावा. उद्यानांत भारतीय कुटुंबांची गर्दी असते आणि अस्वलांच्या प्रदेशातले अन्नाचे नियम आजीला तिच्या भाषेत सांगता येणे ही उद्यानाची खरी गरज आहे.

संदर्भासाठी मुलांची किंवा जवळच्या नातलगांची नावे देऊ नयेत. जुना वरिष्ठ, मंडळाचा किंवा ग्रंथालयाचा पदाधिकारी, पूर्वी स्वयंसेवा केली असेल त्या संस्थेचा समन्वयक, यांना आधी विचारून त्यांची नावे द्यावीत. आणि एकाच वेळी अनेक उद्यानांना अर्ज करण्यात काही गैर नाही, मात्र प्रत्येक निवेदनात त्या उद्यानाचे नाव आणि तिथल्या कामाचा उल्लेख असावा. एकाच मजकुराच्या प्रती वाटल्या की ते लगेच ओळखू येते.

दूरध्वनीवरची मुलाखत आणि करार

अर्ज आवडला तर समन्वयक फोन करतो. हा संवाद दोन्ही बाजूंचा असतो, हे लक्षात ठेवून मोकळेपणाने प्रश्न विचारावेत. याआधीचे होस्ट का गेले? रात्री तक्रार आली तर दार उघडणे बंधनकारक आहे का? रेडिओवर रात्री कोण उत्तर देते? उद्यानाची गोल्फ कार्ट किंवा वाहन वापरावे लागेल का? केंद्र सरकारचा निधी मंजूर न होऊन कामकाज बंद पडले तर होस्टने काय करायचे? हा शेवटचा प्रश्न अनाठायी वाटू नये. २०१८-१९ च्या हिवाळ्यात असे कामकाज ३५ दिवस आणि २०२५ च्या शरदात ४३ दिवस बंद होते. अशा वेळी आरव्हीची जागा आपल्याकडे राहील का, हे आधीच विचारून घेतलेले बरे.

आपल्या प्रकृतीविषयी या फोनवर काही लपवू नये. मधुमेह, रक्तदाब, हृदयावरची शस्त्रक्रिया यांमुळे आपोआप नकार मिळत नाही. पण समुद्रसपाटीपासून आठ-नऊ हजार फुटांवरच्या कॅम्पग्राउंडमध्ये श्वासाचा त्रास सुरू झाला, तर तो आपल्याला आणि उद्यानालाही महागात पडतो.

होकार आल्यावर पार्श्वभूमी तपासणी होते आणि मग ओएफ-३०१ए या नमुन्यातला स्वयंसेवा करार समोर येतो. हा कागद काळजीपूर्वक वाचावा. त्यात आपल्या कामाचे वर्णन, तास आणि कामातले धोके नमूद असतात. राष्ट्रीय उद्यानांतील स्वयंसेवेचा कायदा १९७० साली आणि राष्ट्रीय वनांसाठीचा तसा कायदा १९७२ साली झाला. त्यांनुसार स्वयंसेवक हा सरकारी नोकर ठरत नाही, परंतु नेमून दिलेले काम करताना इजा झाली किंवा त्याच्याकडून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर या दोन बाबींपुरते त्याला सरकारी कर्मचाऱ्याप्रमाणे संरक्षण मिळते. म्हणूनच वर्णनात नसलेले काम कोणी प्रेमाने सांगितले, उदाहरणार्थ पडलेले झाड यांत्रिक करवतीने कापायला, तर ‘आधी करारात घाला’ असे नम्रपणे सांगावे. राज्य उद्यानांचे करार आणि संरक्षण त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार असते. आपल्या आरव्हीचा आणि तिच्यातल्या सामानाचा विमा मात्र सर्वत्र आपणच उतरवायचा असतो.

निघण्यापूर्वी

आरोग्य विम्याकडे विशेष लक्ष द्यावे. मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, देशभर, ते स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. खाजगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना मात्र बहुधा ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात आणि त्याबाहेर तातडीच्या उपचारांखेरीज फारसे काही मिळत नाही. चार महिने दुसऱ्या राज्यात राहायचे असेल, तर योजना बदलण्याचा विचार ऑक्टोबर-डिसेंबरच्या नोंदणी काळात करून ठेवावा. औषधे तीन महिन्यांची भरून घ्यावीत. टपाल पुढे पाठवण्याची सोय करावी.

स्वयंपाकाचा विचार आपल्याला इतरांहून थोडा अधिक करावा लागतो. अस्वले असलेल्या उद्यानांत, योसेमिटीत तर कसोशीने, अन्नच नव्हे तर साबण आणि टूथपेस्टसुद्धा लोखंडी पेटीत ठेवण्याचा नियम तंबूवाल्यांना पाळावा लागतो आणि तो पाळला जातो की नाही हे होस्टनेच पाहायचे असते. मग होस्टच्याच दाराबाहेर फोडणीची कढई, उघडी लोणच्याची बरणी किंवा मसाल्याचा डबा राहून चालत नाही. बाहेर रांधले तर जेवण होताच सगळे आत घेऊन भांडी लगेच धुवावीत आणि खरकटे पाणी झुडपात फेकू नये.

सरपण घरून नेऊ नये. लाकडातून किडी एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातात. एमरल्ड ॲश बोरर या भुंग्याने ॲशची अगणित झाडे मारली आहेत आणि ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये बाहेरून आणायचे असेल तर उष्णतेची प्रक्रिया केलेले प्रमाणित सरपणच चालते. पाहुण्यांना हे समजावून सांगणे होस्टच्या कामात मोडते, त्यामुळे त्यामागचे कारण आपल्याला नीट ठाऊक असावे.

शक्य असल्यास प्रथमोपचार आणि सीपीआरचे (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या तातडीच्या उपचाराचे) प्रशिक्षण निघण्यापूर्वीच घ्यावे. टिकाऊ हातमोजे, टाचेला आधार देणारे बूट, डोक्यावर बांधायचा दिवा आणि पावसाचा चांगला अंगरखा बरोबर असावा. टोपी, बंडी आणि रेडिओ बहुधा उद्यान देते.

तेथे पोहोचल्यानंतर पहिल्या दिवसापासून कामाचे तास स्वतःच्या वहीत लिहून ठेवावेत आणि ते समन्वयकाच्या नोंदीशी अधूनमधून जुळवून घ्यावेत. सहभागी केंद्रीय संस्थांत मिळून २५० तास पुरे झाले की राष्ट्रीय उद्याने आणि इतर केंद्रीय भूमीवरील प्रवेशासाठीचा वार्षिक पास स्वयंसेवकाला विनामूल्य मिळतो. आठवड्याला २४ तासांच्या हिशेबाने अकराव्या आठवड्यात ती मर्यादा ओलांडली जाते. स्वतःच्या गाडीने कामासाठी केलेल्या आणि कोणी भरून न दिलेल्या प्रवासाचीही नोंद ठेवावी. जे लोक करविवरणात वजावटी स्वतंत्रपणे मांडतात, त्यांना सेवाकार्यासाठीच्या प्रवासाचे मैलाला १४ सेंट दाखवता येतात. दिलेल्या वेळेची किंमत मात्र दाखवता येत नाही. आपल्या सीपीएला, म्हणजे कर-हिशेब पाहणाऱ्या लेखापालाला, हंगाम सुरू होण्याआधीच विचारून ठेवावे. हंगाम संपत आला की निघण्यापूर्वी समन्वयकाकडून लेखी शिफारसपत्र मागून घ्यावे आणि पुढच्या वर्षी परत यायचे असेल तर तेही त्याच भेटीत सांगावे, कारण बहुतेक उद्याने पुढच्या हंगामाची यादी जुन्या होस्टांपासूनच करायला घेतात.